शब्दांविना नाताळ

“कुणाचं लग्न आहे का गं?” मैत्रिणीच्या सासूबाईंनी विचारलं आणि स्वयंपाकघरात हशा पिकला. डिसेंबरातला शनिवार, न्यू जर्सीतलं घर, एकेक पदार्थ करून आणलेली मराठी मंडळी. ओट्यावर कुणाचे मटार पॅटिस, कुणाच्या पुरणपोळ्या, पलीकडे मुलांसाठी मागवलेला पिझ्झा, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर एकामागून एक लागणारी नाताळची गाणी. त्यात अमेरिकन सॅक्सोफोनवादक केनी जीच्या ‘मिरॅकल्स’ या नाताळच्या अल्बममधली एक धून लागली. सासूबाई कोल्हापूरच्या, अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर सगळा जन्म गेलेल्या. गुडघ्यांवर शाल टाकून त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. गप्पांत फारशा नव्हत्या. तो लांब ओढलेला सूर ऐकून त्यांनी मान वर केली आणि सहज विचारलं. नातू शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. तो म्हणाला, “आजी, हे ख्रिसमसचं म्युझिक आहे!” आणि मग आईकडे वळून, “आई, हे बदल ना. हे खरं जॅझपण नाहीये. लिफ्टमध्ये लावतात ते आहे.” आईनं फोन उचलून गाणं बदललं. आजी “असेल बाबा” म्हणाल्या आणि पुन्हा शालीच्या गोंड्यांशी चाळा करत बसल्या.

घरी येताना गाडीत आणि नंतरही बरेच दिवस तो हशा मला सलत राहिला. एका मिनिटात दोन निकाल लागले होते. एक आजींच्या कानांविरुद्ध आणि दुसरा त्या वादकाविरुद्ध. दोन्ही निकाल देणाऱ्यांनी धून पुरती ऐकलीही नव्हती. मला मात्र राहून राहून वाटत होतं की त्या खोलीत नीट ऐकलं असेल तर ते आजींनीच.

केनी जी वाजवतो तो बहुतेक वेळा सोप्रानो सॅक्सोफोन असतो. सॅक्सोफोन म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा, खाली वळून पुन्हा वर आलेला प्रकार तो हा नव्हे. हा सरळ असतो, तोंडाशी निमुळता आणि खाली रुंदावत गेलेला. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सनं १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्यकुळाचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या मनात सनई असण्याचं काही कारण नव्हतं. पण नळीतल्या हवेला कारागिराच्या मनातलं काही ठाऊक नसतं, तिला फक्त नळीचा आकार कळतो. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची असते. त्यामुळे तिच्यात स्वर वर उडवला की तो षड्जावरून थेट तार सप्तकातल्या पंचमावर जातो. सनई आणि सॅक्सोफोन दोन्ही निमुळते, म्हणून तिथे तो सरळ तार षड्जावर पोचतो. नादातले उपस्वर दोन्हीकडे एकाच रीतीनं भरलेले असतात. फरक आहे तो तोंडाशी. सनईला दोन पानांची पत्ती, सॅक्सोफोनला बोरूची एकच पट्टी. त्यामुळे सनईच्या आवाजाला जी धार असते ती इथे बोथट होते. पण त्यावर केनी जीची वाजवायची तऱ्हा बघा. तो स्वरावर नेमका उतरत नाही, खालून घसरत येतो. लांब स्वर सरळ धरता धरता शेवटी त्याला कंप देतो. दोन स्वरांमधली जागा छोट्या छोट्या मुरक्यांनी भरतो. ज्या बाईच्या कानांवर जन्मभर पहाटेची सनई पडली, तिनं त्यात लग्न ऐकलं तर ते चुकीचं कसं म्हणायचं?

श्वासाचंही तसंच. १९९७ मध्ये न्यू यॉर्कमधल्या जे अँड आर म्युझिक वर्ल्ड या दुकानात केनी जीनं ई-फ्लॅट हा एकच स्वर ४५ मिनिटं ४७ सेकंद न तोडता धरून दाखवला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. गालांत हवा साठवायची, ती गालांनीच दाबून वाद्यात सोडत राहायची, आणि त्याच क्षणी नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. सांगायला दोन ओळी लागतात, साधायला वर्षं. अमेरिकेत हा प्रकार विक्रम म्हणून लोकांसमोर आला. आपल्याकडे सनई-चौघड्यात एक माणूस तेवढ्यासाठीच बसलेला असतो. मुख्य सनईवाला आलापी करतो, वर जातो, खाली येतो, मधे थांबून पानही खातो. शेजारचा नुसता सूर धरून असतो. तो तुटला तर सगळंच तुटतं. त्याच्यासमोर कुणी घड्याळ धरत नाही.

डोंबिवलीला आमच्या घरासमोर एक मंगल कार्यालय होतं, म्हणून मला हे माहीत. लग्नसराईत वाजंत्री सकाळी लवकर यायचे, जिन्याखालच्या जागेत सतरंजी टाकून बसायचे, आणि दात घासत आम्ही गॅलरीतून त्यांच्याकडे बघत असू. सूर धरणारा त्यातला सगळ्यात म्हातारा होता. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, मानेवरची शीर ताठ, आणि चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. वऱ्हाडातली पोरं त्याच्यासमोर उभी राहून गाल फुगवून दाखवायची. त्याला हसू येत असेलही, पण हसला असता तर सूर गेला असता. कार्यालयात काय चाललंय ते आम्हाला सनईवरूनच कळायचं. नवरदेव आला की चाल बदलायची, मंगलाष्टकं सुरू झाली की सनई थांबायची, आणि शेवटच्या ‘सावधान’नंतर ताशासकट एकदम उसळायची. मग एका सराईला जिन्याखाली सतरंजी दिसली नाही. भिंतीवर दोन कर्णे लावले होते आणि त्यांतून कॅसेट वाजत होती. सनई उत्तम होती, जिन्याखालच्या माणसांपेक्षा कितीतरी सरस. पण तिला नवरदेव कधी आला ते कळत नव्हतं. मंगलाष्टकांच्या वेळी कुणीतरी धावत जाऊन बटण बंद करायचं आणि ‘सावधान’नंतर पुन्हा सुरू करायचं, बहुधा भलत्याच जागेपासून.

कॅसेटनं कुणाचं काय नेलं हे तेव्हापासून माहीत असूनही कॅसेटचं मला वेड लागलं, कारण मुंबईतल्या कॉलेजच्या वर्षांत तिनं मला फार काही दिलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजात सगळ्यांना इंग्रजी गाणी पाठ, कँटीनमध्ये कुणीतरी एक ओळ सुरू करायचं आणि बाकीचे ती पुरी करायचे. मला शब्दच ऐकू यायचे नाहीत, नुसता एक सलग वाहणारा आवाज यायचा. मी ओठ हलवून वेळ मारून न्यायचे. त्या दिवसांत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये, आत शिरताना उगाच छाती धडधडायची त्या दुकानात, मी ‘ब्रेथलेस’ची कॅसेट घेतली. केनी जीचा हा १९९२ चा अल्बम. त्यातली दोन गाणी सोडली तर शब्दच नव्हते. इंग्रजी दुकानातलं, इंग्रजी अक्षरांच्या कव्हरातलं, आणि तरीही ज्यात मला काही कळलं नाही असं होऊच शकणार नाही असं ते संगीत होतं. लोकलच्या खिडकीशी वॉकमन लावून बसले की कुर्ला, घाटकोपर, ठाणं मागे जायचं आणि मला पहिल्यांदा वाटायचं की हे माझंही आहे, याची परीक्षा माझ्याकडून कुणी घेणार नाही. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांनी त्याच्यावर पुष्कळ लिहिलं, दुर्मीळ जॅझ आणि अभिजात संगीताच्या आठवणी काढल्या. माझी आठवण एवढीच, की त्या दुकानानं मला शब्दांशिवाय आत घेतलं.

इथे आल्यावर पहिला डिसेंबर फार जड गेला. साडेचारला अंधार. घराघरांवर दिवे, खिडक्यांतून दिसणारी झाडं, दारांवर हिरवी वर्तुळं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपल्याकडे सण म्हणजे माणसं रस्त्यावर येतात. इथे सण आला की माणसं आत जातात आणि दारं लागतात. दुकानांत थँक्सगिव्हिंगनंतर जी गाणी सुरू होतात ती सगळी घराविषयी. घरी येईन, घरी असेन, घरी ये. मोज्यांच्या आणि टोप्यांच्या रांगांमधून फिरताना त्यातला प्रत्येक शब्द आता मला नीट ऐकू येत होता, आणि तोच त्रास होता. मग एका दुकानात सॅक्सोफोन लागला. तीच गाणी, पण शब्द काढून घेतलेली. मी हातातली टोपी तशीच धरून उभी राहिले. वाजवणारा कोण ते पहिल्या दोन सुरांत कळलं. घराविषयीचं गाणं होतं, पण ते मला काही विचारत नव्हतं. तुझं घर कुठे, तू कधी जाणार, तुझ्याकडे झाड आहे का, असं काहीही नाही. गर्दीतून ओळखीचं माणूस समोर यावं आणि त्यानं नुसती मान हलवून पुढे जावं, तेवढंच मला हवं होतं.

तो अल्बम ‘मिरॅकल्स’, १९९४ चा. त्या डिसेंबरात बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला, आणि नुसत्या वाद्यावर वाजवलेल्या नाताळच्या गाण्यांनी एवढी मजल मारावी याची कुणी अपेक्षा केली नसेल. अमेरिकेत आठ वेळा प्लॅटिनम, म्हणजे ८० लाख प्रती. १९९१ पासून तिथे दुकानाच्या गल्ल्यावर बारकोडवरून विक्री मोजायला लागले. त्या मोजणीत नाताळच्या अल्बमांमध्ये हाच सगळ्यांत पुढे राहिला, गाणाऱ्या मोठमोठ्या गळ्यांच्याही पुढे. त्याचा सहनिर्माता वॉल्टर अफनासिएफ. याच माणसानं त्याच वर्षी गायिका मरायाह कॅरीबरोबर ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’ हे गाणं बांधलं, जे आता डिसेंबरात जगभर कानांवर आदळतं. एका वर्षात एकाच हातून दोन नाताळ निघाले. एक शब्दांनी काठोकाठ भरलेला, दुसरा शब्दच नसलेला.

आणि वाजवणारा नाताळ पाळणाऱ्यांतला नाही. केनेथ गोरेलिक, जन्म १९५६, सिअ‍ॅटलमधल्या ज्यू घरातला. अकरा धुनींमध्ये त्यानं हनुका या ज्यू सणाची एक धून रचून घातली आहे. ती ऐकताना आपण एका सणातून दुसऱ्या सणात कधी गेलो ते कळतही नाही. बाकीच्या गाण्यांच्या मागे गेलं तर आणखी काय काय निघतं. सुरुवातीचं ‘विंटर वंडरलँड’ १९३४ चं. त्याचे शब्द लिहिणारा रिचर्ड स्मिथ पेनसिल्व्हेनियातला, क्षयरोगी, आरोग्यधामात उपचार घेत होता. बर्फातून हातात हात घालून फिरायला जायचं गाणं त्यानं त्या दिवसांत लिहिलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. ‘व्हाइट ख्रिसमस’ अर्व्हिंग बर्लिनचं. हा रशियातून पाच वर्षांचा असताना न्यू यॉर्कला आलेला ज्यू मुलगा. बिंग क्रॉस्बीच्या आवाजातली त्याची १९४२ ची तबकडी जगात सगळ्यांत जास्त खपली, पाच कोटींच्या वर. त्याच बर्लिनचा तान्हा मुलगा १९२८ मध्ये नेमका २५ डिसेंबरला वारला होता. ‘सिल्व्हर बेल्स’ करणारे जे लिव्हिंग्स्टन आणि रे एव्हान्स, तेही ज्यू. म्हणजे ज्या गाण्यांवर अमेरिकेचा नाताळ उभा आहे त्यातली कितीतरी अशा माणसांनी बांधली ज्यांच्या लहानपणच्या घरात तो सण नव्हता. खिडकीबाहेरून बघणाऱ्यांनी. म्हणूनच त्यांत बर्फ आहे, घंटा आहेत, गाव आहे, घर आहे, आणि आत शिरायची ओढ आहे. हे कळल्यावर टोप्यांच्या रांगेत उभं राहून मला जे झालं होतं त्याचा थोडा उलगडा झाला.

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ शिया मुसलमान, मोहरमला सनईवर शोकगीतं वाजवणारे, आणि रियाझ बनारसच्या घाटावरच्या बालाजीच्या देवळात. १९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर त्यांची सनई झाली. २००१ मध्ये भारतरत्न मिळालं, २००६ मध्ये ते गेले, पण आजही मंगल कार्यालयाच्या कर्ण्यातून जी सनई येते ती बहुतेक वेळा त्यांचीच असते. अक्षता पडेपर्यंत सगळं वऱ्हाड त्यांच्या सुरांत वावरतं आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मंत्र म्हणायला भटजी त्या धर्माचे लागतात, मंगलाष्टकं म्हणायला आत्या-मावश्या घरच्या लागतात. पण कार्य सुरू आहे हे रस्त्यापर्यंत सांगणारा सूर कुणाचाही चालतो. त्याला शब्द नाहीत म्हणून चालतो, असं मी बरीच वर्षं समजत होते आणि त्यात मला मोठं समाधान होतं.

मग माझी वसईची मैत्रीण भेटली.

ती आमच्याच ऑफिसात, पलीकडच्या विभागात. मराठी बोलणारी, वसईत वाढलेली, नाताळ म्हणजे मराठी गीतं, येशूजन्माच्या देखाव्यातला गोठा बांधायला गवत आणायला जाणारे काका, चर्चमधली मध्यरात्रीची मिसा म्हणजे उपासना, आणि त्या रात्री थंडीत चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्या गावाच्या गाठीभेटी, असं लहानपण असलेली. मी तिला माझा सगळा उलगडा मोठ्या उत्साहानं सांगितला, बर्लिनपासून बिस्मिल्ला खाँपर्यंत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “व्हाइट ख्रिसमस लावा, सिल्व्हर बेल्स लावा, त्यात येशू मुळातच नाही. पण सायलेंट नाइट असं नको वाजवूस म्हणावं त्याला. तुम्ही बाळाला उचलून बाजूला ठेवता आणि नुसता पाळणा हलवत बसता.”

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. ‘सायलेंट नाइट’ मूळचं ऑस्ट्रियातलं, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावातलं. योझेफ मोर या तरुण पाद्र्याचे शब्द, फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची चाल, आणि १८१८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी गिटारवर म्हटलेलं ते गाणं. तिथून ते जगभर गेलं ते भाषा बदलत बदलत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून आपल्या बोलीत ते बाळ, ती आई, ती रात्र पुन्हा लिहिली. माझ्या मैत्रिणीच्या आजीला ते मराठीतच पाठ होतं. ते कुठल्या परक्या भाषेतून आलं असेल असं तिला कधी वाटलंही नसेल. एवढा सगळा शब्दांचा प्रवास, आणि मग १९९४ मध्ये एकजण येतो आणि शब्दच काढून टाकतो, त्या जागी मागे मंद वाद्यमेळ आणि वर सॅक्सोफोनची नक्षी ठेवतो, आणि ते दुकानात टोप्या विकायला कामी येतं. ज्या मोकळ्या जागेतून मला आत शिरता आलं तीच जागा करण्यासाठी तिच्या घरातलं सगळ्यांत मोलाचं काहीतरी बाहेर काढून ठेवलं होतं.

मी स्वतःला विचारून बघितलं. समजा ऑगस्टात एखाद्या इथल्या मॉलमध्ये ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ची नुसती चाल सॅक्सोफोनवर लागली, खाली लोक बूट घालून बघतायत, कॉफी घेऊन फिरतायत, तर मला काय वाटेल? पहिल्यांदा आनंदच होईल, हे खरं. डोळेही भरून येतील. पण ती चाल मला शब्दांशिवाय ऐकूच येणार नाही. टाळ्यांसकट, ‘जय देव’ला चढणाऱ्या आवाजासकट, बाबांच्या एका चुकीच्या उच्चारासकट ती माझ्या डोक्यात वाजेल. शेजारून जाणाऱ्याला नुसती एक छान धून ऐकू येईल. दोघांच्या कानांवर पडणारी हवा एकच, आणि दोघं ऐकतायत ते वेगवेगळं. मैत्रिणीच्या कानांत जे शब्द वाजत होते ते समोर नव्हते, म्हणून तिला खड्डा दिसत होता. माझ्या कानांत शब्द कधी नव्हतेच, मला सपाट जमीन दिसली. आणि कोल्हापूरच्या आजींना त्यात लग्न ऐकू आलं, कारण त्यांच्याकडे त्या नादाचं स्वतःचं भरलेलं घर होतं.

तरीही या माणसाची बाजू मला सोडवत नाही. जाणकारांनी केनी जीला फार झोडपलं आहे. १९९९ मध्ये त्यानं दिवंगत जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँगच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर स्वतःचा सॅक्सोफोन चढवला, तेव्हा गिटारवादक पॅट मथीनीनं संतापून जे लिहिलं ते आजही लोक एकमेकांना पाठवतात. तो राग मला समजतो. गेलेल्या माणसाच्या गाण्यात न विचारता शिरू नये. कोल्हापूरच्या आजींचा तो शाळकरी नातूही त्याच रागाचं टोक हातात धरून उभा होता, कारण त्याच्या शिक्षकांनी त्याला खऱ्या जॅझची ओळख करून दिली आहे, आणि ते चांगलंच झालं. मलाही ‘मिरॅकल्स’मधलं सगळं आवडत नाही. काही ठिकाणी नक्षी इतकी होते की चाल दमते. मागचा वाद्यमेळ कुठे म्हणून शांतता राहू देत नाही, आणि शांततेविषयीच्या गाण्यात ते खुपतं. मला त्यातली शेवटची, ब्राह्म्सची अंगाई सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिथे तो चालीला तिच्या वाटेनं जाऊ देतो. पण ‘लिफ्टमधलं संगीत’ म्हणून ते बाजूला टाकताना आपण लिफ्टमध्ये, काउंटरवर, प्रतीक्षागृहात उभ्या असलेल्या माणसांनाही बाजूला टाकतो. चीनमध्ये त्याची ‘गोइंग होम’ ही धून वर्षानुवर्षं दुकानं, स्टेशनं आणि शाळा बंद व्हायच्या वेळेला लावतात, आणि ती लागली की लोक पिशव्या आवरून घरी निघतात. तिथल्या किती जणांना वाजवणाऱ्याचं नाव माहीत असेल? जिन्याखालच्या म्हाताऱ्याचं नाव आम्हालाही माहीत नव्हतं. त्याचा सूर थांबला की जेवणाची पंगत बसणार, एवढं नक्की माहीत होतं.

एक गोष्ट मात्र त्या म्हाताऱ्याकडे होती जी आठवेळा प्लॅटिनम झालेल्या तबकडीकडे नाही. तो तिथे होता. नवरदेव आला की त्याला दिसायचं, मुलीची आई रडली की त्याच्या साथीदाराची सनई खाली यायची. शब्द नसलेलं संगीत परक्याला आत घेतं हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण आत घेतल्यावर कुणीतरी समोर असावं लागतं. दुकानातल्या सॅक्सोफोननं मला दारापर्यंत आणलं, आणि दाराच्या आत कुणी नव्हतं, नुसत्या टोप्या होत्या. मी बरीच वर्षं तेवढ्यावरच भागवलं.

हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग या वर्षी ये की आमच्याकडे, २४ ला संध्याकाळी. दरवर्षी तिच्याकडे वसईची पाच-सहा कुटुंबं जमतात, पोरं गोठा मांडतात, आणि जेवणाआधी सगळे उभे राहून मराठीत गातात. ऐकायला नाही, गायला ये, असं तिनं बजावलं आणि तीन कडवी कागदावर लिहून दिली, तिच्या आईच्या तोंडी होती तशी. चाल मला पाठच आहे, सॅक्सोफोनवर शेकडो वेळा ऐकलेली. पण शब्द घालून म्हणायला लागले की ती वेगळीच निघते. केनी जी जिथे सूर लांबवतो तिथे शब्द संपलेला असतो, आणि तो जिथे नक्षी करतो तिथे मला नेमका श्वास लागतो. ऑफिसला जाता-येता गाडीत म्हणून बघते आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये तिला म्हणून दाखवलं. तिनं दुसऱ्या कडव्यात थांबवलं. म्हणाली, “श्वास कुठेही घे, कुणी काही म्हणणार नाही. फक्त ‘बाळ’ शब्द मधे तोडू नकोस. आणि मागून वाजत असल्यासारखं हळू काय म्हणतेस, मोठ्यानं म्हण.”